गादीचा प्रश्न

माझ्या भावानं मुलांना एक कादंबरी पाठवली. आत पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या दोन्ही भाचरांना'. प्रत एक. आपण केवढं कांड करून ठेवतोय याची त्याला लिहिताना कल्पना नसणार. राज्यं बुडाली ती अशाच मोघम मजकुरापायी, आणि तो लिहिणारी माणसंही बहुधा अशीच प्रेमळ असावीत.

कादंबरी किशोरांसाठीची. सहाशे बारा पानं, आणि हा तीन खंडांतला नुसता पहिला. विषय थोडक्यात असा: एक राजा खोकतोय, आणि त्याची पाच मुलं तो खोकला कायमचा कधी थांबतो याची वाट पाहतायत. पाचांपैकी चार राजवाड्यात आहेत. पाचवं कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, फक्त वाचकाला तिसऱ्या पानावर कळतं.

आमच्याकडे वारस दोनच. थोरली पंधराची, धाकटा बाराचा. थोरलीनं ज्येष्ठतेचा हक्क सांगितला. धाकट्यानं, पार्सल दारात आपण घेतलं म्हणजे ताबा आपला, असा मुद्दा काढला. तो टिकेना म्हणताना म्हणाला, "आणि पूर्वी गादी मुलालाच मिळायची. आईच सांगते."

मी इतिहास शिकवते. वर्गात माझं कुणी ऐकत नाही. घरात ऐकतात आणि नको तिथे वापरतात.

तेव्हा मी त्याला स्वीडनची गोष्ट सांगितली. तिथे १९७९ साली एक राजपुत्र जन्मला आणि जन्मतःच युवराज झाला. १ जानेवारी १९८० पासून कायदा बदलला, की मुलगा असो वा मुलगी, थोरलं अपत्य वारस. सात महिन्यांच्या युवराजाचं पद गेलं आणि त्याची बहीण व्हिक्टोरिया युवराज्ञी झाली.

"मग त्यानं काय केलं?" धाकट्यानं हादरून विचारलं.

"सात महिन्यांचं बाळ काय करणार? रांगायला लागलं असेल."

थोरली विजयी मुद्रेनं पुस्तकाकडे वळली. धाकट्यानं पुस्तकावर बैठक मारली. मग मी जे सगळे शहाणे राज्यकर्ते करतात तेच केलं. वादाची वस्तू सरकारजमा केली. निर्णय होईपर्यंत पुस्तक माझ्याकडे राहील.

आणि त्या रात्री, मुलांनी वाचावं असं आहे का एवढंच बघायला, मी ते उघडलं. राजप्रतिनिधी म्हणून कारभार हाती घेणारे सगळे 'तात्पुरता'च घेतात, हे मी दर वर्षी आठवीला शिकवते.

आधी नकाशा. मग तीन पानांची वंशावळ. मग नावांचे उच्चार कसे करायचे याची यादी, कारण प्रत्येक नावाच्या मधोमध एक अपॉस्ट्रॉफी टांगलेला होता, खुंटीला टोपी अडकवावी तसा. पाचही वारसांची नावं एकाच अक्षरानं सुरू होणारी. दोघांत तर एका मात्रेचा फरक. चाळिसाव्या पानावर मला कळलं, की ज्याला मी गेली वीस पानं दुष्ट समजतेय तो घोडा आहे.

शेवटी मी माझी नावं ठेवली. जांभळे डोळे. गोड बोलणारा. तलवारवाली. खिडकीत उभा राहणारा (तो दुसरं काही करतच नाही). आणि खोकणारा राजा. पात्रांची नावं इतकी सारखी ठेवणं हा लेखिकेचा आळस, असं मी नवऱ्याला म्हणाले खरी, पण म्हणता म्हणताच जीभ चावली. इंग्लंडमध्ये १४५५ पासून १४८७ पर्यंत गादीसाठी मारामाऱ्या चालल्या, त्यात राजे झाले पाच आणि नावं होती तीन. हेन्री, एडवर्ड, एडवर्ड, रिचर्ड, हेन्री. निदान माझ्या कादंबरीत अपॉस्ट्रॉफी तरी होते.

नवरा नकाशावरच अडकला. "ही नदी बघ," तो म्हणाला. "समुद्रातून निघून डोंगरात जाते."

"जादूचं राज्य आहे ते."

"जादू असली तरी उताराचं काय?"

तो पुढचे चार दिवस नकाशाच बघत होता.

नव्वदाव्या पानाशी मी पकडले गेले. निवाड्याचं काय झालं, असा दोघांनी मिळून सवाल केला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तह झाला. संध्याकाळपर्यंत पुस्तक थोरलीकडे, तिथून झोपेपर्यंत धाकट्याकडे, दोघं झोपले की माझ्याकडे. प्रत्येकानं आपापल्या पानाचा आकडा चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवायचा. पुढचं कुणी कुणाला सांगायचं नाही. तहावर सह्या झाल्या, आणि इतर सगळ्या तहांसारखाच तोही मोडायची तयारी त्याच रात्री सुरू झाली.

पहिली कुरबूर न्हाणीघरावरून. धाकटा पुस्तक घेऊन आत गेला तो पाऊण तास बाहेरच येईना. ऑटोमन सुलतानांकडे याच्या नेमकं उलटं होतं. तिसरा मेहमद १५९५ मध्ये गादीवर आला तेव्हा त्यानं आपल्या एकोणीस भावांना मारवलं. पुढे हे फारच व्हायला लागलं म्हणून राजपुत्रांना मारण्याऐवजी तोपकापी राजवाड्यात कोंडून ठेवायची पद्धत पडली, त्या जागेला पिंजराच म्हणत. आमच्याकडे वारसानं स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं होतं, कडी आतून, आणि राजमुद्रा सोबत.

"मला पानं उलटल्याचा आवाज येतोय!" थोरली दारावर थापा मारत होती.

आतून नळ सोडल्याचा आवाज आला. कादंबरीतले हेरही हेच करतात. कारंज्यापाशी उभं राहून कट शिजवतात, म्हणजे कुणाला ऐकू जात नाही. मुलं वाचनातून काही शिकत नाहीत असं कोण म्हणतं?

वाचत मीही होतेच, रोज रात्री, कुरकुरत. नायिका सतरा वर्षांची. तिला पाच भाषा येतात, विष नुसत्या वासानं ओळखता येतं आणि राजवाड्यातली सगळी चोरवाटांची भुयारं पाठ आहेत. आमच्या थोरलीला कपाटातला मोजा दिसत नाही. दर पंधरा-वीस पानांनी ही नायिका, आपण रोखून धरलाय हे तिचं तिलाच ठाऊक नसलेला श्वास सोडते. मी समासात पेन्सिलीनं खुणा करायला लागले. तीनशेव्या पानापर्यंत सतरा श्वास झाले. इतक्या वेळा श्वास रोखणाऱ्या मुलीला माझ्या आईनं वैद्याकडे नेलं असतं.

तिच्यावर दोघांचं प्रेम. एक तिच्यासाठी जीव द्यायला तयार, दुसरा तिचा जीव घ्यायला पाठवलेला. तिला दुसरा आवडतो.

"तो आतून चांगला आहे, आई," थोरली म्हणाली. हे आम्हां दोघींचंही वाचून झालेलं होतं, त्यामुळे तहाचा भंग नव्हता.

"गेल्या पन्नास पानांत त्यानं तीन माणसं मारली."

"ती वाईट होती."

"आतून की बाहेरून?"

दार आपटलं. त्या आठवड्यात दरबारी भाषेत बोलायचं तर आमचे संबंध ताणलेले राहिले.

हरवलेल्या पाचव्या वारसाची ओळख पटते ती मानेवरच्या चंद्रकोरीसारख्या खुणेवरून. कॉलर सरकते, दरबार स्तब्ध होतो, सगळे गुडघ्यावर. मला इथे शाहू महाराज आठवले. १६८९ पासून १७०७ पर्यंत अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत काढून माणूस परत आला, तर ताराबाईंनी हा तोतया आहे असंच जाहीर करून टाकलं. शेवटी खेडला लढाई करावी लागली. मानेवर चंद्रकोर असती तर केवढं सैन्य वाचलं असतं! हे मी उत्साहानं सांगायला गेले तर धाकट्यानं कानांवर हात ठेवले. तो अजून कॉलरपर्यंत पोचला नव्हता. तहभंगाचा पहिला डाग माझ्यावर लागला तो असा.

त्याचा सूड त्यानं माझ्यावर न उगवता बहिणीवर का उगवला, हे मला अजून कळलेलं नाही. थोरलीनं एका संध्याकाळी चिठ्ठीवर '२१४' लिहून पुस्तक धाकट्याच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी तिनं चिठ्ठी काढली, आकडा बघितला आणि तिथून वाचायला लागली. दोन दिवस वाचत होती. जेवताना म्हणाली, "आता कुठे गोष्टीनं वेग घेतलाय."

तिसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं तर तिची चिठ्ठी तीनशे साठाव्या पानात. माझ्या पुढे? मी जुनी चिठ्ठी निरखून पाहिली. '२१४' मधल्या एकाला वेगळ्या शाईचा एक नाजूक वळसा जोडलेला होता. २९४.

तीस ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले. रघुनाथरावांनी चिठ्ठीत 'धरावे' लिहिलं होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, अशी आख्यायिका आपण सगळेच ऐकत आलोय. ध चा मा. हा प्रसंग मी वर्गात इतक्या वर्षांत इतक्यांदा रंगवून सांगितलाय, आणि माझ्याच घरात, माझ्याच पेननं, १ चा ९ झाला होता.

आरोपीला बोलावलं. त्याचा बचाव असा, की आपण काही पुसलेलं नाही, असलेल्या आकड्याला फक्त मदत केली. थोरली आधी पांढरी पडली, मग लाल झाली. पण तिचा संताप बारकाईनं बघितला तर फसवणुकीवर नव्हता. ऐंशी पानं गाळून वाचलं तरी आपल्याला काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. त्या ऐंशी पानांत एक लग्न झालं होतं, एका किल्ल्याला वेढा पडून उठला होता, गोड बोलणारा दोनदा फितूर होऊन एकदा परत आला होता, आणि पाच श्वास सुटले होते.

"मला वाटलं त्यांचं लग्न आधीपासूनच झालेलं आहे," ती पुटपुटली.

नवऱ्यानं नकाशावरून डोकं वर काढलं. "किल्ला कुठला?" त्यानं विचारलं. "नदीच्या काठचा?"

आता माझा गुन्हा.

कादंबरीत राजा पहिल्या पानावर खोकला की तो काही शेवटापर्यंत टिकत नाही, हा नियम आहे. खऱ्या राजांना तो माहीत नसतो. शहाजहान १६५७ मध्ये आजारी पडला, आता संपलाच अशी हूल उठली आणि चार मुलं एकमेकांवर चालून गेली. तो बरा झाला. मुलांच्या लढाया, थोरला मुलगा दारा याची हत्या, स्वतःची कैद हे सगळं पाहून १६६६ मध्ये गेला. पण हा खोकणारा राजा चारशे दहाव्या पानावरही खोकत होता. नीट मरेना, नीट बरा होईना. रात्रीचा दीड वाजलेला. मला सकाळी सहाला उठायचं होतं. मी इकडे तिकडे बघितलं, आपल्याच घरात, आपल्याच दिव्याखाली, आणि शेवटची दहा पानं वाचली.

राजाला खोकला नव्हताच. कोण आपलं आणि कोण गादीचं हे बघायला तो सहाशे पानं सोंग करत होता.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. दरबारी गुपितं सांभाळणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. मुलं काय काय तर्क लढवत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून 'हं, असेल' म्हणत होते. थोरली म्हणायची, राजावर विषप्रयोग होतोय. धाकटा म्हणायचा, शाप आहे. मला मध्येच हसू यायचं आणि ते मी शिंकेत लपवायचे.

फुटलं ते चौथ्या रात्री. धाकट्याला दुसऱ्या दिवशी चाचणी होती. झोपायला घातल्यावर त्यानं हळूच खोकून दाखवलं. मग जरा मोठ्यांदा. मग अंगावर पांघरूण ओढून क्षीण आवाजात म्हणाला, "आई, मला उद्या शाळेत..."

"राजासारखी सोंगं करू नकोस," मी म्हणाले. "झोप."

खोली गप्प झाली. पलीकडच्या पलंगावर थोरली उठून बसली. धाकट्याचा खोकला जागच्या जागी बरा झाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या दोन वारसांचं एकमत झालेलं मला दिसलं.

खटला तिथेच, दिवा लावून चालला. मी शाहू महाराजांपासून सगळे दाखले दिले, उपयोग झाला नाही. चंद्रकोरीचा जुना गुन्हा उकरून काढला गेला. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुरावा म्हणून दाखल झाल्या. नवऱ्याला साक्षीला बोलावलं, तर त्यानं आपल्याला कथेतलं काही माहीत नाही, पण नदीबद्दल विचारायचं असेल तर विचारा, असं सांगितलं.

शिक्षा अशी, की दुसरा खंड आला की वाचनाचा क्रम ठरलेला: थोरली, धाकटा, बाबा, आणि मग मी. बाबा अजून पहिल्या खंडाच्या नकाशापुढे गेलेले नाहीत.

दुसरा खंड परवा आला. भावानं या वेळीही एकच प्रत पाठवली. दोघांनी माझ्यापासून लपवायला गुप्त जागा शोधली आहे, आणि फार मोठी मसलत करून ते पुस्तक त्यांनी धाकट्याच्या गादीखाली ठेवलंय. या घरात चादरी कोण बदलतं, हे अजून दोघांच्याही लक्षात आलेलं नाही.