पीएंना निरोप कसा द्यावा

तुमच्या आमदारसाहेबांचे पीए पंचवीस-तीस वर्षांनी थांबतायत? मग सत्कार झालाच पाहिजे. फक्त त्याची सगळी तयारी त्यांच्यावरच सोपवा. सांगलीच्या विश्रामबागेत कुठला हॉल स्वस्तात मिळतो, मांडववाल्याची मागची उधारी किती, कुणाला फोन नाही गेला तर कोण रुसतं, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?

साहेबांचं भाषणही त्यांनाच लिहू द्या. दुसऱ्याचं अक्षर साहेबांना लागत नाही. सवयीनं चार पानांतली साडेतीन ते साहेबांवरच खर्च करतील. उरलेल्या अर्ध्यात 'निष्ठावंत', 'हसतमुख' आरामात बसतं.

भेट म्हणून घड्याळ नको. सांगलीत घड्याळ दिलं की माणूस कुठल्या गटात गेला, याचीच चर्चा होते. स्वागताला तुतारीही नको, त्याच कारणासाठी. शाल बरी. साहेबांना मिळालेल्या शालींचं कपाट तेच लावतात, तेव्हा गेल्या आठवड्यातली देऊ नका, ओळखतील. तळातली काढा.

बाकी भाषणात काय येऊ नये, हे जास्त महत्त्वाचं. म्हैसाळ योजनेच्या पाण्याच्या आवर्तनावरचा साहेबांचा विधानसभेतला तारांकित प्रश्न गाजला, पेपरात फोटो आला. त्या प्रश्नासाठी जतच्या बांधाबांधावर उन्हात कोण फिरलं, ते सभागृहाच्या कामकाजात नोंदलेलं नाही, तुम्हीही नोंदू नका. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. साहेब गुडघाभर पाण्यात उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिले. कुठल्या गल्लीत बाळंतीण अडकलीय, हे रात्रभर फोनवर सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरात तेव्हा किती पाणी होतं, ते आता कशाला? पूर ओसरला. (हे कुणा एका साहेबांबद्दल नाही. जिल्ह्यात आठ आमदार आहेत, कुणीही मनाला लावून घेऊ नये.)

महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या कोट्याची पत्रं, विजेच्या जळालेल्या डीपी, मुंबईच्या दवाखान्यात पेशंटला बेड, बदल्या, डिसेंबरातलं नागपूरचं अधिवेशन, हे सगळं 'अनेक कामे' या दोन शब्दांत उरका. जेवण थंड होतं.

एखादा आगाऊ कार्यकर्ता पेन्शनचं काढेल. एकच टर्म आमदार राहिलं तरी महिना 50 हजार पेन्शन आहे. बाहेरून नेमलेल्या पीएला काय, असं विचारेल. त्यानं तोंड उघडताच राष्ट्रगीत सुरू करा.

फोटो काढताना पीए सवयीनं बाजूला सरकून फोटोग्राफरच्या मागे जाऊन उभे राहतील. हाताला धरून आणा. दोनदा आणूनही गेले तर राहू द्या, साहेबांना पुढचं लग्न गाठायचंय.

आणि निघताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगा, सोमवारी दहाला या, नव्या पोराला फायली दाखवायच्यात. कपाटाची किल्ली घेऊन या. डबा घरूनच आणा म्हणावं.