पट, पिवळी बस आणि ब्राउनली

माझा चुलतभाऊ पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मध्यंतरी त्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कमी पटाच्या शाळांवरून चांगलीच जुंपली. कुणीतरी लिहिलं, "अमेरिकेत बघा. पंधरा-वीस गावांत मिळून एक शाळा, दारात पिवळी बस. आपणच एकेक गुरुजी चार-चार पोरांमागे बसवलेत." भावाने ते मला पाठवलं आणि विचारलं, "ताई, तू तिथंच आहेस. खरं काय ते सांग." फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

वाद तसा जुना, पण सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मिळून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले आणि त्याला धार आली. अशा शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांच्या वर होत्या. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावं पुढे केली गेली. मग मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयात सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर तिथे शिक्षकाचं पदच उरलं नाही. शाळेला कुलूप लावायचा हुकूम कुठेच निघत नाही. गुरुजी जातात, आणि कुलूप आपोआप लागतं.

मी नेब्रास्कात, लिंकनला राहते. इथून वायव्येला पाच तास गाडी हाकली की सँडहिल्स लागतात, म्हणजे वाळूच्या टेकड्या. नाव ऐकून राजस्थान डोळ्यांपुढे येतं, पण या टेकड्या नखशिखांत गवताने झाकलेल्या आहेत. सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढी जमीन, नुसती गवत आणि आभाळ. थेडफोर्डहून ८३ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला जायचं आणि पश्चिमेला आत वळायचं. नॉर्थ लूप नदीच्या काठी ब्राउनली नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते नकाशाच्या भरवशावर. थोडी घरं, त्यातली काही रिकामी, बाकी नदीचं पाणी आणि वारा. रस्त्यात ठिकठिकाणी कुंपणाच्या जागी जमिनीत लोखंडी नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. गाडी त्यावरून खडखडत जाते, पण गुरांचे खूर अडतात, म्हणून फाटक उघडावं-लावावं लागत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा तासभरात माणूस दिसलं ते एकच, समोरून येणाऱ्या ट्रकमधलं. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार केला. मला थेट आमच्या घाटातल्या एसटी ड्रायव्हरची आठवण झाली.

हे गाव ज्या चेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतं तिचा विस्तार साधारण पुणे जिल्ह्याएवढा. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. २०२० च्या जनगणनेत चेरी काउंटीत ५,४५५. ज्यांना अमेरिकेचा दाखला द्यायचाय त्यांनी आधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

इतकं रिकामं हे मुळात नव्हतं. १८६२ च्या कायद्याने इथे शेतीसाठी १६० एकर जमीन फुकट मिळायची. या वाळूत तेवढ्यावर कुणाचंच भागेना. दरम्यान बडे गुरांचे मालक सरकारी कुरणांना बेकायदा तारेची कुंपणं घालून मोकळे झाले होते. त्यांतला सर्वात बडा, स्पेड रँचचा (रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान) बार्टलेट रिचर्ड्स, त्यासाठी दोषी ठरला आणि १९११ मध्ये शिक्षा भोगत असतानाच वारला. (गायरानावरच्या अतिक्रमणाची चर्चा निघाली की मला हा माणूस आठवतो. तिथे पहिला हात बड्या कुंपणाला घातला गेला. आपल्याकडे नोटीस आधी झोपडीवर चिकटते.) त्याआधी, १९०४ मध्येच, किंकेड कायदा आला होता. नेब्रास्काच्या ३७ काउंट्यांत कुटुंबामागे ६४० एकर. पाच वर्षं राहा, जमिनीत सुधारणा करा, जमीन तुमची.

माणसं आली. त्यांत काळी माणसंही होती, गुलामगिरीतून कॅनडाला निसटलेल्यांची मुलंनातवंडंसुद्धा. १९०७ च्या सुमारास ब्राउनलीच्या वरच्या अंगाला, त्याच नदीकाठी, त्यांनी डीविटी नावाची वस्ती केली. लाकूड नाही, दगड नाही. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा विटांसारख्या रचून त्यांनी घरं उभी केली. आणि भाकरीची भ्रांत असतानाही एक नाही, तीन शाळा चालवल्या. अंतरं इतकी की एका शाळेत सगळी मुलं पोचलीच नसती. शंभर-सव्वाशे माणसांच्या वस्तीने शंभर वर्षांपूर्वी पट मोजला नाही, पोराचे पाय मोजले. महामार्गाकडेला २०१६ मध्ये बसवलेल्या स्मृतिफलकापुढे मी बराच वेळ उभी होते. वस्ती १९३० च्या दशकात उठली. त्या मुलांतली कितीतरी पुढे शिकून शहरांत स्थिरावली.

वस्ती का उठली, याचं उत्तर गवतात आहे. या वाळूत एका गाय-वासराला पंधरा-वीस एकर कुरण लागतं. नांगर लावला की मुळं तुटतात, वाळू उघडी पडते आणि वारा तिथून टेकडी खात सुटतो. म्हणजे ६४० एकरांवर तीस-चाळीस गाई. त्यावर कुटुंब तगत नाही. एकाने दुसऱ्याला विकलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आज हजारो एकरांवर एकच कुटुंब आणि शेकडो गाई, असा हिशेब बसला आहे. जमिनीचं यात भलंच झालं, गवत टिकलं. शाळा बंद झाल्या म्हणून ब्राउनली रोडावलं, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. इथे आधी माणसं गेली.

पण पुढचं ऐका, कारण आपला वाद इथूनच सुरू होतो. इतकी विरळ वस्ती होऊनही या रानात एकखोली शाळा तग धरून होत्या. एक बाई, पाच-सहा मुलं, बाहेर घसरगुंडी. २००५ मध्ये राज्याने कायदा केला की फक्त प्राथमिक वर्ग चालवणारे स्वतंत्र शाळा-जिल्हे (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) बरखास्त करून मोठ्या जिल्ह्यांत विलीन करायचे. दोनशेच्या वर होते असे. लोकांनी सह्या गोळा केल्या, प्रश्न मतदानाला आणला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये राज्यभरच्या मतदारांनी तो कायदा बहुमताने रद्द केला. तोवर जून उलटला होता आणि जिल्हे विसर्जित झाले होते. मोजक्या शाळा मोठ्या जिल्ह्यांनी पुढे चालू ठेवल्या. बाकीच्या मतपेटी जिंकूनही परतल्या नाहीत. आपल्याकडे मुलांना दुसऱ्या शाळेत हलवताना 'तूर्तास समायोजन' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

मग मुलं कशी जातात? पिवळी बस दर रँचच्या दारात येत नाही. नेब्रास्कात शाळेपुरता गाडी चालवायचा परवाना चौदा वर्षं दोन महिन्यांच्या पोराला मिळतो, तो अशा अंतरांसाठीच. हायस्कूलसाठी कित्येक घरांत आई मुलांना घेऊन आठवडाभर गावात भाड्याच्या घरात राहते आणि बाप रँचवर एकटा. हे ऐकल्यावर माझी आई म्हणाली, "मग आपल्याकडं वेगळं काय आहे? कराडला खोल्या घेऊन राहिलेल्या आया काय कमी आहेत का?" नाहीत कमी. फक्त आमच्या धनगरवाड्यावरच्या आईला खोलीचं भाडं परवडत नाही, आणि तिच्या बारा वर्षांच्या लेकीला कुणी ट्रकची किल्ली देणार नाही. तिची शाळा लांब गेली की ती घरी बसते. शेरडांमागे जाते.

समोरच्या बाजूचं म्हणणं मी ऐकलं आहे, त्यात तथ्यही आहे. तीन पोरांत खो-खो होत नाही. एकट्या गुरुजींच्या गळ्यात चार इयत्ता, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचं काम असतं. माझा भाऊच सांगतो, पोरांना बरोबरीचं कुणी नसलं की ती मंदावतात. पण त्यावरचा उपायही मला चेरी काउंटीतच दिसला. तिथे कोडी नावाचं दीडेकशे वस्तीचं गाव आहे. शेजारच्या किलगोरबरोबर मिळून त्यांनी शाळा टिकवली. गावातलं किराणा दुकान बंद पडलं होतं, तर शाळेतल्या मुलांनी ते पुन्हा उभं करायला घेतलं. पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींची इमारत बांधली आणि २०१३ मध्ये दुकान उघडलं, मुलंच ते चालवू लागली. शाळा नसती तर त्या गावात दुधाची पिशवी आणायला कोसच्या कोस जावं लागलं असतं. एकत्र येणं त्यांनीही केलं, पण दोन्ही गावांनी आपण होऊन, आणि अंतर बघून.

मे महिन्यात एका ओळखीच्या कुटुंबाने वासरांना डाग द्यायच्या दिवशी बोलावलं होतं. आजूबाजूच्या आठ-दहा रँचवरची माणसं घोडे घेऊन पहाटेच हजर. जळक्या केसांचा वास, वासरांचं हंबरणं, आणि पोरं कुंपणावर ओळीने बसलेली. जेवताना घरातल्या आजी मला म्हणाल्या, शाळा होती तेव्हा दर शुक्रवारी आम्ही भेटायचो, आता या एका दिवशी भेटतो. आमच्याकडे पारायण, जत्रा, लग्न यांनी माणसं जोडलेली आहेत म्हणून हे अजून जाणवत नाही. पण वाडीवरच्या बायका महिन्यातून एकदा एकत्र येतात त्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीलाच, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ब्राउनलीत मुलंच उरली नव्हती. आमच्या शाळेच्या पटावर अकरा आहेत, सगळी हाडामासाची, सगळी येतात. गेल्या डिसेंबरात मी धनगरवाड्यावरच्या दुसरीतल्या पोरीबरोबर शाळेपर्यंत चालत गेले. कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आम्हाला चाळीस मिनिटं लागली, तेही ओढा कोरडा असताना. समूह शाळा झाली तर तिथून पुढे आणखी सहा किलोमीटर. मी भावाला कळवलं आहे की ग्रामसभेत ठराव घ्या, अकराही मुलांची नावं घाला, प्रत्येकाच्या नावापुढे घरापासूनचं पायी अंतर लिहा. आणि ते अंतर जुलैत मोजा, ओढ्याला पाणी असताना, सोबत त्या पोरीला घेऊन.