क, तीन फुल्या, सात

ज्या सिनेमासाठी मी रात्र जागवली तो मला तोंडपाठ आहे. नायक कुठल्या दृश्यात घड्याळ बघतो आणि पुढच्याच शॉटमध्ये त्या घड्याळाचे काटे वीस मिनिटं मागे कसे जातात, तेसुद्धा. आधी माझ्याकडे त्याची व्हीएचएस कॅसेट होती. मग डीव्हीडी घेतली, मग ब्लू-रे, मग फोर-के. डीव्हीडी आली १९९६ मध्ये, ब्लू-रे २००६ मध्ये, फोर-के डिस्क २०१६ मध्ये. म्हणजे ही मंडळी दर दहा वर्षांनी न चुकता येतात आणि तोच सिनेमा मला पुन्हा विकून जातात. इतक्या नेमाने माझे सख्खे नातेवाईकही येत नाहीत.

राहिलं होतं फक्त स्टीलबुक. स्टीलबुक म्हणजे पत्र्याचा डबा. आत तीच डिस्क, तोच सिनेमा, तेच घड्याळ. पण डब्यावर चित्र वेगळं आणि प्रती मोजक्या. ते निघालं तेव्हा मी "घेऊ की सावकाश" असं म्हणालो होतो. या छंदात याहून महागडं वाक्य नाही. प्रती संपल्या, प्रकाशकाकडचे हक्क संपले आणि डबा 'आउट ऑफ प्रिंट' झाला. हे शब्द चिकटले की पत्र्याचं सोनं होतं.

लिलावाच्या साइटवर शोधलं तर 'अतिदुर्मिळ' असे नऊ डबे एकाच पानावर ओळीने मांडलेले. दुर्मिळ वस्तू इतक्या दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. किंमती वाचून चष्मा पुसला, तरी आकडे तेच. नंतर कळलं की मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'विकले गेलेले' हा पर्याय निवडला की खरा भाव दिसतो, आणि तो बराच माणसात असतो. पण विकणारा स्वतःचा भाव ठरवताना शेजारच्या न विकल्या गेलेल्या डब्याकडे बघतो, शेजारचा त्याच्याकडे बघतो, आणि एकही डबा न विकता दोघेही श्रीमंत होत जातात.

त्या नवात एकच खरा लिलाव होता. बोली अगदी खालून सुरू. मी बायकोला दाखवला.

"आपल्याकडे आहे ना हा?"

"तो साधा आहे."

"यात शेवट वेगळा आहे का?"

"नाही."

"मग?"

"पत्रा आहे."

ती काही न बोलता झोपायला गेली. मी बसलो.

विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की, सगळ्यांत मोठ्या बोलीवाल्याला माल मिळणार पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच द्यावे लागणार असतील, तर तुम्हाला ती वस्तू जेवढ्याची वाटते तेवढीच बोली लावावी आणि निवांत राहावं. १९९६ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. (लिलावातलं नाव विक्री! याला म्हणतात नशीब.) साइटवरची आपोआप वाढणारी बोली (आपण कमाल आकडा सांगायचा, साइट आपल्या वतीने गरजेपुरतंच वर जाते) साधारण याच तत्त्वावर चालते. मीही मला वाटणारा खरा आकडा टाकला आणि निवांत झालो. चार मिनिटं. मग पडद्यावर आलं : तुमच्यापेक्षा मोठी बोली आली आहे.

बोली लावणारा : क, तीन फुल्या, सात. पूर्ण नाव दाखवत नाहीत.

मला वाटणारी खरी किंमत त्या रात्री दर दहा मिनिटांनी बदलत गेली. प्रत्येक वेळी मी थोडी वाढवायचो आणि प्रत्येक वेळी तो इसम जेमतेम एक पायरी वर जाऊन बसायचा. सिनेमा, पत्रा, चित्र सगळं विसरलो. राहिला फक्त तो क. इसवी सन १९३ मध्ये रोमच्या शाही रक्षकांनी सम्राटाला मारून चक्क साम्राज्याचाच लिलाव केला, तो दीदियुस युलियानुस नावाच्या गृहस्थाने जिंकला आणि ६६ दिवसांत जीव गमावला. पण त्याला निदान समोर कोण आहे ते ठाऊक होतं. दुसरी बोली मारल्या गेलेल्या सम्राटाच्या सासऱ्याची होती. माझ्यासमोर नुसत्या फुल्या.

शेवटची पाच सेकंदं उरली होती. माझी बोली वर. तीन. दोन. क, तीन फुल्या, सात.

हरलो. खरं सांगायचं तर फार हलकं वाटलं. चांगला गाढ झोपलो.

सकाळी विक्रेत्याचा निरोप : विजेत्याने माघार घेतली आहे, तुमच्या शेवटच्या बोलीला डबा तुम्हाला देता येईल. आता कुणाच्याही डोक्यात पाल चुकचुकली असती. माल हवा होता तर पळाला का? आणि पळायचंच होतं तर अर्धी रात्र मला चढवत का होता? हा क म्हणजे विक्रेत्याचा मेहुणा असणार, ही माझी खात्रीच झाली. आणि खात्री झाल्यावर मी पैसे भरले.

१९७१ मध्ये तेलाच्या क्षेत्रातल्या तीन अभियंत्यांनी दाखवलं होतं की लिलाव जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याने मालाच्या किंमतीचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगवलेला असतो. 'विजेत्याचा शाप' म्हणतात त्याला. मी तो हरूनही मिळवला.

डबा आला. सीलबंद. प्लॅस्टिक फोडलं की भाव निम्म्यावर येतो म्हणे, म्हणून फोडलं नाही. सिनेमा बघावासा वाटला तेव्हा जुनी ब्लू-रे लावली आणि डबा टीव्हीशेजारी उभा केला, म्हणजे त्यालाही दिसेल.

पुढच्याच महिन्यात नव्या प्रकाशकाने त्याच सिनेमाचं स्टीलबुक जाहीर केलं. चित्र तेच, वर पुस्तिका, आणि किंमत लिहिताना माझा हात थरथरतो.

मी तातडीने माझा डबा लिलावात टाकला. शीर्षकात 'अतिदुर्मिळ' लिहिलं. सहा दिवस एकही बोली नाही. सातव्या रात्री, तीन मिनिटं उरलेली असताना, अगदी तळाच्या आकड्यावर एक बोली पडली. क, तीन फुल्या, सात.

म्हणजे मेहुणा नव्हताच. बिचाऱ्याला खरंच डबा हवा होता! पण या भावात? त्याला जरा वर चढवायला समोर कुणीतरी हवं होतं.

मी बायकोला हलवून उठवलं. "ए, तुझं खातं आहे का गं या साइटवर?"