‘नुसता नट आवळायचा होता’ : तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय गॅरेजमधल्या आम्ही तिघांनी बसून दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनाच्या हेडच्या (वरच्या झाकणाच्या) दोन नटांपाशी कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) ओलावा येत होता, बाकी इंजिनाची काही तक्रार नव्हती. नट आवळून किंवा रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पावडर टाकून भागलं असतं. आम्ही हेड उतरवलं, 2 ऐवजी 10 स्टड (हेड धरून ठेवणारे आट्यांचे दांडे, ज्यांवर ते नट बसतात) बदलले, गाडी 9 दिवस ठेवली, आणि 400 किलोमीटरवर एक स्टड पुन्हा ओला झाला. वर काम एका ‘शिकाऊ पोराच्या’ हाती दिलं.

पुन्हा ओल्या झालेल्या स्टडपासून सुरू करतो, कारण तिथे चूक आमची आहे.

सातव्या स्टडला पुन्हा पाझर आला तो माझ्या घाईमुळे. कूलंट काढताना रेडिएटरचा खालचा पाइप सोडला. ब्लॉकच्या (हेडखालच्या इंजिनाच्या मुख्य भागाच्या) बाजूचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायचा नळ, उघडला, तर थेंब आला नाही. मी म्हटलं, रिकामा झाला असेल. आत गाळ बसून कॉक तुंबला होता. हेड उतरवल्यावर वर दिसलं तेवढं पाणी उपसलं, पण मागच्या कोपऱ्यात ते आट्यांच्या पातळीपर्यंत उभं राहिलं. भोक पुसलं, सीलंट (आट्यांतून पाणी अडवणारा लेप) लावला, स्टड बसवला. तोवर खालचे आटे पुन्हा ओले झालेले. ओल्या आट्याला सीलंट धरत नाही. दुसऱ्यांदा स्टड काढला तेव्हा त्यावरचा लेप दुधाळ झाला होता आणि बोटाने निघत होता. मग तार घालून कॉक मोकळा केला. जो लाल चिखल बाहेर आला तो पाहून मला स्वतःचीच लाज वाटली.

हा निर्णय माझा होता, त्या पोराचा नाही. उलट गळती नेमकी कुठून येते हे त्यानेच शोधलं. रेडिएटरच्या टोपीवर 0.9 बार लिहिलंय. त्याने थंड इंजिनावर तेवढाच दाब पंपाने दिला आणि टॉर्च घेऊन वीस मिनिटं वाकून उभा राहिला. थेंब हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून आला नाही. तो नटाच्या वरून, स्टडच्या टोकाशी आला. चालत्या गाडीत हे दिसत नाही, कारण गरम हेडवर कूलंट लगेच सुकतो आणि मागे नुसती खपली राहते. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतो का, याची रेडिएटरच्या तोंडाशी चाचणी केली, तर चाचणीचं निळं पाणी निळंच राहिलं, म्हणजे गॅस येत नव्हता. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) सारखं. म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा थर) फुटलेलं नव्हतं. तुम्ही हेच लिहिलंय, आणि ते बरोबर आहे.

मग नट का नाही आवळला? तुमच्या इंजिनात 10 पैकी 6 स्टडची भोकं खाली थेट पाण्याच्या जागेत उघडतात. बांधणीच तशी आहे. पाणी अडवायचं काम तिथे गॅस्केट करत नाही, आट्यांवरचा सीलंट करतो. नट आवळला की स्टड वर ओढला जातो, आट्याची एक बाजू ब्लॉकच्या आट्याला घट्ट टेकते, पण दुसऱ्या बाजूला बारीक फट राहतेच. ती फट गोल जिन्यासारखी वरपर्यंत जाते. जुना सीलंट वाळून झडला की कूलंट तो जिना चढतो, हेडच्या भोकातून स्टडच्या अंगाने वर येतो आणि वॉशरखाली नाहीतर नटाच्या डोक्यावर दिसतो. आवळल्याने जिना बंद होत नाही. फार आवळलं तर स्टड ताणून बारीक होतो, किंवा ब्लॉकमधले आटेच उपटून येतात, आणि मग काम खरोखर मोठं होतं.

पावडरबद्दल एवढंच की रस्त्यात अडकलात तर घर गाठायला ठीक. तिला गळतीचं भोक कुठलं आणि हीटरची बारीक नळी कुठली हे कळत नाही.

हेड न उतरवता एकेक स्टड काढून सीलंट लावून परत बसवायचा, अशी पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही. आम्ही सुरुवात तशीच केली होती. डबल नट लावून (एकावर एक दोन नट घट्ट करून) पहिला स्टड काढला, तर 11 मिलीमीटरच्या स्टडचा पाण्यातला भाग गंजाने खाऊन 9 वर आलेला. असा स्टड पुन्हा टॉर्कवर घेणं (ठरलेल्या जोराने आवळणं) म्हणजे तो तुटायची वाट बघणं. एक असा निघाल्यावर बाकीचे न बघता ठेवणं मला पटलं नाही, आणि वर्षानुवर्षं दाबलेलं जुनं गॅस्केट सगळे नट सैल करून पुन्हा धरेल याची हमी कोण देणार? तिसऱ्या दिवशी तुम्हाला फोन करून विचारलं, तुम्ही हो म्हणालात. पण दिवस किती वाढतील हे मी फोनवर बोललो नाही. ते सांगायला हवं होतं.

जुने दहाही स्टड डब्यात ठेवलेत. त्यातले पाच खराब आहेत हे बघितल्यावर लगेच कळेल. उरलेले पाच चालले असते, असं तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पण नव्याजुन्याची मिसळ केली तर दोन्ही सारखे ताणले जात नाहीत, म्हणून पूर्ण सेट टाकला. दिवस गेले ते स्टड यायला आणि हेडचा फेस मारायला (खालची बाजू सपाट करून घ्यायला). सरळ पट्टी ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये 0.08 मिलीमीटरचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जात होता, पुस्तकात मर्यादा 0.05 ची. ब्लॉकचे आटे साफ करायला एक अख्खा दिवस लागला. तिथे नवे आटे पाडणारा टॅप चालवायचा नसतो, तो धातू खातो; साफ करणारा टॅप हाताने, हळू फिरवावा लागतो. पाण्यात न उघडणारी चार भोकं तर पूर्ण कोरडी लागतात, कारण तळाशी तेल किंवा पाणी अडकलं आणि वरून स्टड फिरवला तर ब्लॉक तडकू शकतो.

सातवा स्टड मात्र दुसऱ्या वेळी हेड जागेवर ठेवूनच काढला. जे आधी नको म्हटलं तेच केलं, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तेव्हा गॅस्केट नवं होतं, त्यात दाबायला जीव होता, आणि इंजिन पूर्ण थंड होतं. मजुरी घेतली नाही, पण कूलंटचे पैसे बिलात लागले. ते लागायला नको होते, परत करतो.

एक काम अजून बाकी आहे. तुमचं गॅस्केट पुन्हा टॉर्क मागणारं आहे. पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात ते थोडं बसतं. 800 किलोमीटरला नट, मधल्यापासून कडेच्यांकडे या क्रमाने, पुन्हा बघायचे, आणि पुशरॉडचं (खालून दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं) इंजिन असल्याने त्यानंतर टॅपेटची फटही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली मोकळीक) तपासायची, कारण हेड खाली बसलं की ती कमी होते. हे बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय. तोंडाने सांगितलं नाही, तुमची ती तक्रार शंभर टक्के खरी आहे. याचे पैसे लागणार नाहीत. गाडी सकाळी चालवत आणू नका, आदल्या संध्याकाळी सोडा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर आम्ही सकाळी पहिलं काम तेच घेऊ, आणि स्टडचा डबा टेबलावर काढून ठेवू.