मैत्रिणीचा अल्बम आणि आमचा जुना वाद

माझ्या मैत्रिणीचा नवा अल्बम आलाय. आठ गाणी, शब्द तिचे, चाली तिच्या, आवाजही तिचाच. मागे कुठली कंपनी नाही. मैत्रीण म्हणून कौतुक करतेय असं कुणी म्हणालं तर म्हणू दे, पण आधी तिसरं गाणं ऐका.

त्यात एक आई परदेशातल्या मुलाशी फोनवर बोलते. तक्रार नाही, ‘आठवण येते’ असंही कुठे नाही. नळाची तोटी बदलली, शेजारच्यांनी घराला रंग काढला, असं काहीबाही सांगत राहते. दुसऱ्या अंतऱ्यात चार ओळी हव्यात तिथे तीनच आहेत. चौथीच्या जागी पेटीचा नुसता भाता ऐकू येतो, सूर नाही, आणि मग ध्रुवपद येतं. बोलता बोलता आईला पुढचं सुचेनासं झालं, हे मैत्रिणीनं एकही शब्द न वापरता सांगितलं आहे. इतक्या लांब राहून अशा फोनांची सवय झालेल्या मला ती जागा दर वेळी अडवते.

तिनं अल्बम विकायला ठेवला आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुनाच वाद पेटला. एकाचं म्हणणं, सगळं फुकट ऐकायला मिळत असताना पैसे कशाला? दुसरा म्हणाला, पोट भरायचं तर सिनेमासाठी लिहावं. तिसऱ्यानं मला मध्ये ओढलं: तुमच्या तिकडे कलाकारांची कदर असते, आपल्याकडे नाही.

मी आयर्लंडमध्ये, डब्लिनला राहते, म्हणून या तिसऱ्याला उत्तर देणं भाग आहे. रसिकांची कदर इथे जास्त आहे असं मला अजिबात वाटत नाही. इथेही लोक फोनवरच ऐकतात आणि स्ट्रीमिंगचा हिशोबही तोच आहे. जमलेल्या पैशांची वाटणी एकूण ऐकण्यातल्या हिश्शानुसार होते, म्हणजे मोठा वाटा मोठ्यांकडे जातो. स्पॉटिफायवर तर 2024पासून बारा महिन्यांत हजारदाही न वाजलेल्या गाण्याला त्यातून काहीच मिळत नाही. नवख्या माणसाची दोन्हीकडे सारखीच ओढाताण.

फरक आहे तो सरकारी मदत कधी मिळते यात. आयर्लंडनं 2022मध्ये प्रयोग म्हणून 2,000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो द्यायला सुरुवात केली. त्यासाठी गुणवत्तेची स्पर्धा नव्हती; पात्र अर्जदारांतून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड झाली. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्यावर अन्याय झाला, हे मला मान्य आहे. तरीही हा पैसा माणूस लिहिता-गाता असताना हातात पडतो. महाराष्ट्रात कलावंतांना मानधन आहे, पण ते ज्येष्ठांसाठी, पन्नाशी ओलांडल्यावर. ते हवंच. पण माझ्या मैत्रिणीला आज नोकरीतून सुटलेली एक दुपार हवी आहे, आणि त्यासाठी या मानधनाचा काही उपयोग नाही.

कायद्यात आपण मागे आहोत असंही नाही. कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क पक्का केला. निर्मात्याला तो करारात स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत कळकळीनं बाजू मांडली होती. फक्त, रॉयल्टी हा कमाईतला वाटा असतो. कमाईच नसेल तर वाटा कशातला?

म्हणून फुकटवाल्या मित्राशी माझं खरं भांडण आहे. ऐकायला पैसे पडत नाहीत म्हणून करायलाही पडत नाहीत, असं त्यानं गृहीत धरलंय. रेकॉर्डिंगचे तास, वादकांचं मानधन, मिक्सिंग, सगळं तिनं पगारातून भागवलं. कलाकार जिथे आपलं संगीत थेट श्रोत्यांना विकतात त्या बँडकॅम्प या साइटवर अल्बम घेतला तर ते साधारण 15 टक्के ठेवतात आणि पैसे पोचवण्याचा किरकोळ खर्च वजा जाता बाकी सगळं तिचं. एक विक्री म्हणजे हजारभर वेळा ऐकण्याइतकी मदत, असं मी त्याला सांगितलं. त्यानं अजून घेतलेला नाही. मी मागे लागले आहे.

पुढच्या अल्बमची चार गाणी तिची लिहून झाली आहेत. या अल्बममधून स्टुडिओचा खर्च सुटला, तर पुढच्या पावसाळ्याआधी ती रेकॉर्डिंगला बसणार आहे.