बाटली भरलेलीच परत येते

नाशिकला दिंडोरी रोडवर मार्केट यार्डाजवळ आमचा कट्टा. काल तिथं वाद पेटला तो बाळूमुळे. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. म्हणाला, "सकाळी पोरं चढतात तेव्हा बाटल्या भरलेल्या, दुपारी उतरतात तेव्हाही भरलेल्याच. मार्च चालूये, राव!"

किरणनं लगेच पोरांनाच धरलं. "आपल्याला कोणी सांगत होतं का? खेळून आलो की नळाला तोंड लावायचो."

शिरसाठ सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. ते म्हणाले, "खेळात रमलेल्या पोराला तहान कळतच नाही. केरळच्या शाळांनी २०१९ साली पाण्याची घंटा सुरू केली. घंटा झाली की अख्ख्या वर्गानं बाटली उघडायची."

"मग वाजवा की इथंही," किरण म्हणाला.

मला राहवलं नाही. माझी मुलगी सातवीत आहे. तिचीही बाटली भरलेलीच परत यायची, आणि मी महिनाभर तिच्यावरच ओरडत होतो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, पाणी प्यायलं की जावं लागतं. तिथं जाववत नाही." दाराला कडी नाही, बादलीत पाणी नाही, एक जण आत गेली की दुसरीनं बाहेर पहारा द्यायचा. म्हणून ती सकाळपासून घोटभरच पाणी पिते. लघवी अशी रोज दाबून धरली की जंतुसंसर्ग व्हायला वेळ लागत नाही. त्या पोरीपुढं घंटा वाजवून काय होणार?

किरण गप्प झाला. त्यालाही दोन मुली आहेत.

मग बोलणं डब्यावर गेलं. संतूभाऊंची दिंडोरीकडं द्राक्षबाग आहे. ते कळवळून म्हणाले, "आमचा निवडक घड खोक्यात बसून परदेशी जातो, आणि इथल्या पोराच्या डब्यात कुरकुऱ्याचं पाकीट!"

"फळं परवडतात का पण?" किरण पुन्हा पेटला. "आणि द्राक्षावरची फवारणी?"

संतूभाऊ म्हणाले, "घडच कशाला पाहिजे? सुट्टे मणी घे, स्वस्त मिळतात, चव तीच. काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते ठरलेलं असतं, तरी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचेच. बारक्या पोराला अख्खा मणी देऊ नको, घशात अडकतो. उभा चिरून दे."

पेरू, गाजर, काकडी यांत महाग काय आहे, हे मलाही कळत नाही. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, आणि काकडी तर जवळजवळ ९५ टक्के पाणीच.

सरांची अडचण वेगळी. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली असते, सहावी ते आठवीला ७५. "भाजी ताटात पडते, पण पोरं ती वेचून कडेला ठेवतात. मागच्या वर्षी परसबागेत त्यांनीच मेथी पेरली, रोज पाणी घातलं. खिचडीत ती मेथी पडली त्या दिवशी ताटं चाटूनपुसून साफ! एक पोरगं शेजारच्याला सांगत होतं, ही माझ्या वाफ्यातली आहे." सांगताना सरांचा चेहरा फुलला होता.

त्यावर बाळूनं विचारलं, "शहरातल्या शाळेत वाफा कुठून आणायचा?" संतूभाऊ म्हणाले, मेथीला वीतभर माती पुरते, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटमध्येही येते. क्रेट ते देणार आहेत.

शनिवारी मुलीच्या शाळेत पालकसभा आहे. क्रेटचं आणि घंटेचं सर्वांत शेवटी काढायचं ठरलंय. पहिला विषय कडीचा आणि बादलीतल्या पाण्याचा. किरणची धाकटी त्याच शाळेत आहे, तेव्हा तो बोलायला उभा राहील. शाळेनं खर्चाचं कारण सांगितलं, तर कडी आम्हीच विकत घेऊन बसवू.