निट्टी ग्रिटी डर्ट बँड आणि साथीला बसायची अक्कल

निट्टी ग्रिटी डर्ट बँडने 2024 ला निरोपाची टूर सुरू केल्यापासून माझ्या फीडवर जे मोजके कंट्रीवेडे (कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत) आहेत ते सगळे एकच गाणं शेअर करतायत, 'फिशिंग इन द डार्क'. छान गाणं आहे, 1987 ला कंट्री चार्टवर नंबर एक होतं, अमेरिकेत लग्नात-बिग्नात वाजलं की काका-मामा लोक पण नाचायला उठतात. पण या बँडची आठवण काढायची आणि हे गाणं लावायचं म्हणजे, जाऊ दे, भांडण नको. एवढंच म्हणतो की जवळजवळ साठ वर्षं टिकलेल्या या बँडने सगळ्यात भारी काम केलं ते 'विल द सर्कल बी अनब्रोकन' या आपल्याच रेकॉर्डवर स्वतः मागे सरकून. ऑगस्ट 1971, कंट्रीची राजधानी नॅशव्हिल, अवघे सहा दिवस.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण ही पोरं मुळात नॅशव्हिलची नव्हतीच. कॅलिफोर्नियातलं लाँग बीच, 1966. तिथे मॅकेब्स नावाचं गिटारचं दुकान होतं आणि तिथे ही कॉलेजच्या वयाची टाळकी दिवसभर पडीक असायची. जेफ हॅना, जिमी फॅडन, आणखी चार-दोन जण. त्यांनी काढला जग बँड (जग म्हणजे पाण्याचा, दुनिया नव्हे). जगच्या तोंडावर फुंकून बेससारखा आवाज काढायचा, कपडे घासायची पत्र्याची फळी बोटांनी वाजवायची, जोडीला कझू, म्हणजे तोंडात धरून गुणगुणायची पिपाणी. पहिले काही महिने यांच्यात गायक जॅक्सन ब्राउन पण होता, हो तोच, पुढे मोठा झालेला. तो बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी बँजोवाला जॉन मॅक्यूएन आला, आणि जॉनचा मोठा भाऊ बिल झाला मॅनेजर. या बिलचं नाव लक्षात ठेवा.

मग नेहमीचंच. 1967 ला पहिली रेकॉर्ड, एक छोटंसं हिट, हॉलीवूडच्या एका पिक्चरमध्ये झळकले, भांडले, फुटले, काही महिन्यांनी परत जमले. 1970 ला जेरी जेफ वॉकरचं 'मिस्टर बोजँगल्स' केलं आणि ते 1971 ला पॉप चार्टवर नवव्या नंबरपर्यंत गेलं. त्या अल्बमवरची एक गंमत मला फार आवडते. त्यावर मध्येच एका म्हाताऱ्या अंकल चार्लीच्या गप्पा आहेत आणि त्याचा टेडी नावाचा कुत्रा त्याच्याबरोबर 'गातो'. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं टेपवर ठेवायची, कापायचं नाही, ही खोड यांना तेव्हापासूनची.

आता 1971 ची हवा डोळ्यापुढे आणा. व्हिएतनाम चालू आहे. लांब केस म्हणजे एक पार्टी, छोटे केस म्हणजे दुसरी. नॅशव्हिल दुसऱ्या पार्टीचं माहेरघर. आणि त्याच नॅशव्हिलमध्ये ज्यांनी हे संगीत उभं केलं ती जुनी माणसं रेडिओवरून जवळपास हद्दपार झालेली, कारण तोपर्यंत रेकॉर्डवर व्हायोलिनचे ताफे आणि मागे कोरस आला होता, सगळं कसं गुळगुळीत. म्हणजे म्हाताऱ्यांना नॅशव्हिल विसरलं होतं आणि तरुणांना नॅशव्हिल नको होतं.

यात पूल कोण बनला तर अर्ल स्क्रग्ज. तीन बोटांनी बँजो वाजवायची जी स्टाइल आज सगळं जग वाजवतं तिला त्याचंच नाव आहे. 1969 ला लेस्टर फ्लॅटबरोबरची त्याची जुनी जोडी फुटली, तो स्वतःच्या पोरांना घेऊन वाजवायला लागला, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनला युद्धविरोधी मोर्च्यात जाऊन वाजवून आला. नॅशव्हिलच्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नव्हती राव. त्याच्या पोरांना डर्ट बँड आवडायचा, त्यामुळे यांचा कार्यक्रम ऐकायला तो आपणहून आला होता. मग 1971 च्या वसंतात कोलोराडोतल्या बोल्डरमध्ये एका क्लबात स्क्रग्जचा कार्यक्रम असताना जॉन मॅक्यूएनने धीर करून विचारलं, आमच्याबरोबर रेकॉर्ड करशील का. तो हो म्हणाला. त्याच क्लबात गिटारवाला डॉक वॉटसन आला तेव्हा त्यालाही विचारलं. तोही हो. आणि स्क्रग्ज आहे म्हटल्यावर बाकीचे दरवाजे उघडले.

कार्टर फॅमिली या जुन्या गाणाऱ्या कुटुंबातली मदर मेबेल कार्टर, वय 62. रॉय एकफ, वय 67. गिटारवाला मर्ल ट्रॅव्हिस. ब्लूग्रासवाला (बँजो-फिडलचं वेगवान कंट्री) जिमी मार्टिन. फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) व्हॅसार क्लेमेंट्स, ज्याला तोपर्यंत बाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं आणि या रेकॉर्डनंतर सगळे ओळखायला लागले. उभ्या बेसवर ज्युनियर हस्की, जो बिचारा सेशननंतर काही आठवड्यांतच गेला. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रोलाही बोलावलं होतं, तो नाही म्हणाला. स्वभाव!

रॉय एकफला तर ही दाढी-केसवाली पोरं अजिबात पटत नव्हती. हा माणूस 1948 ला टेनेसीच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकनांकडून उभा राहिलेला, 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाचा राजा. तो स्टुडिओत आला आणि म्हणाला, आधी काय रेकॉर्ड केलंय ते ऐकवा. ऐकून झाल्यावर त्याचा निकाल साधारण असा, की याला कसली नवी नावं देताय, हे तर चक्क कंट्री आहे. मग लागला गायला. आणि गाण्याआधी तंबी, की पहिल्या टेकलाच नीट करा, दर टेकला थोडं थोडं निसटत जातं. हे बोलणं रेकॉर्डवर आहे बरं का, कारण बिलने टेप चालूच ठेवली होती.

हे टेपचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हा सोळा ट्रॅक सहज मिळत होते, म्हणजे गिटार आज, गाणं उद्या, चुकलं तर तेवढंच परत. यांनी थेट दोन ट्रॅकवर रेकॉर्ड केलं. सगळे एका खोलीत, एकदम, जे होईल ते होईल, नंतर दुरुस्ती नाही. अशा वेळी विशीतल्या पोरांना हात दाखवायचा मोह किती होत असेल विचार करा! समोर साक्षात स्क्रग्ज, डॉक वॉटसन. आणि ही पोरं काय करतात, तर गुपचूप ठेका धरतात. कुठे हार्मोनिकाची एक ओळ, कुठे वॉशबोर्ड (तीच पत्र्याची फळी), कुठे मागून आवाज मिळवणं. रेकॉर्ड त्यांच्या नावाची, पैसा त्यांच्या कंपनीचा, आणि ते साथीला बसलेत. तबलजीने अख्खी मैफल स्वतःच्या खर्चाने ठेवावी आणि ठेक्याबाहेर जाऊ नये, तसं.

मेबेलचं 'वाइल्डवुड फ्लॉवर' हेडफोन लावून ऐका. तिचा अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवतो आणि पहिलं बोट वरच्या बारीक तारांवरून झाडू मारल्यासारखं खाली-वर फिरत ताल धरतं, एकाच गिटारवर एकाच वेळी दोन्ही. 1920 च्या दशकापासून ती हे करत होती आणि तोपर्यंत तालापुरती मागे असलेली गिटार तिने पुढे आणून बसवली. इथे 62 व्या वर्षी ती घाई करत नाही, काही सिद्ध करायला जात नाही. आणि मागचे पण तिला ढकलत नाहीत.

आणि ती डॉक-मर्लची भेट. डॉक वॉटसन लहानपणापासून आंधळा, मर्ल ट्रॅव्हिसच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून वाढलेला, इतका की पोराचं नाव मर्ल ठेवलं. पण दोघं कधी भेटलेच नव्हते! ते पहिल्यांदा भेटले या सेशनला आणि ते संभाषण जसंच्या तसं रेकॉर्डवर आहे. डॉक सांगतो की तुझ्या नावावरून पोराचं नाव ठेवलं, म्हटलं थोडं वाजवणं लागेल त्याच्या हाताला. ट्रॅव्हिस लाजल्यासारखा. दोन कलाकारांचं असं अवघडलेलं, खरं बोलणं मी दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर ऐकलेलं नाही. (तो पोरगा खरंच जबरदस्त वाजवायचा. 1985 ला ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या नावाने नॉर्थ कॅरोलायनात 1988 पासून मर्लफेस्ट हा संगीत महोत्सव होतो.)

'विल द सर्कल बी अनब्रोकन', तीन एलपींचा सेट, 1972 च्या शेवटी आला. चालला, भरपूर चालला. 2005 च्या यादीत लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या रेकॉर्डिंगमध्ये घेतला.

आता एक गोष्ट जी या रेकॉर्डच्या कौतुकात कोणी बोलत नाही. हे 'सर्कल' म्हणजे वर्तुळ, पण त्यात एकही काळा माणूस नाही. आणि गंमत बघा, जग बँड हा प्रकार मुळात लुईव्हिल आणि मेम्फिसच्या काळ्या वादकांचा. बँजो आफ्रिकेतून आलेल्या गुलामांबरोबर आलेला. कार्टर कुटुंबाची गाणी गोळा करत मेबेलचा दीर ए. पी. कार्टर डोंगरात फिरायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा, चाली लक्षात ठेवायचं काम त्याचं, आणि मेबेल त्याच्याकडून शिकली. मर्ल ट्रॅव्हिसचा अंगठ्याने वाजवायचा तो प्रसिद्ध ढंग केंटकीतल्या ज्या वादकांकडून आला त्यांच्या मागे आर्नल्ड शुल्ट्झ होता, तोही काळा. 1971 ला रिडल जिवंत होता हो! मी या पोरांना दोष देत नाही, त्यांना जे नॅशव्हिल दिसलं ते त्यांनी मांडलं, आणि तेवढंही दुसऱ्या कोणाला सुचलं नव्हतं. पण जुन्याजाणत्यांना मान दिला म्हणून टाळ्या वाजवताना हे पण माहीत असावं. या रेकॉर्डच्या 2002 च्या तिसऱ्या भागात ताज महल (गायक, ताजमहाल नाही) आला, पण तोवर तीस वर्षं गेली होती.

पुढचा इतिहास पटकन उरकतो. 1977 ला सोव्हिएत युनियनचा दौरा केला, सरकारी परवानगीने तिथे जाणारा पहिला अमेरिकन बँड म्हणून यांचं नाव घेतात. त्याच सुमारास नाव कापून नुसतं 'डर्ट बँड' केलं आणि पॉपच्या मागे लागले. तो काळ मला झेपत नाही, प्रामाणिकपणे सांगतो. विनोदवीर स्टीव्ह मार्टिनच्या 'किंग टट' गाण्यामागे हेच वाजवत होते, कारण त्याचा मॅनेजरही बिलच. मग ऐंशीच्या दशकात पूर्ण नाव परत, कंट्री परत, आणि 1984 ते 1987 मध्ये तीन नंबर एक. टेक्निकली बघितलं तर हाच त्यांचा सगळ्यात यशस्वी काळ.

1989 ला सर्कलचा दुसरा भाग काढला. जॉनी कॅश, एमिलू हॅरिस, लेव्हन हेल्म, बायर्ड्स या रॉक बँडवाले मॅग्विन आणि हिलमन. कंट्री म्युझिक असोसिएशनचं अल्बम ऑफ द इयर, ग्रॅमी, सगळं मिळालं. चांगला आहे, वाईट म्हणणार नाही. पण पहिल्या भागात आलेल्या प्रत्येकाला काहीतरी गमवायचं होतं. एकफला त्याच्या लोकांमधली इज्जत, पोरांना त्यांच्या पब्लिकमधली. दुसऱ्या भागात आले ते सगळे आधीच एकमेकांचे फॅन. धाकधूक नाही, त्यामुळे ती धारही नाही. कोणाला हा भाग जास्त आवडत असेल तर कमेंटमध्ये या, चहा घेऊन बोलू.

सुरुवातीच्यांपैकी शेवटपर्यंत उरले दोघं, जेफ हॅना आणि जिमी फॅडन. जॉन मॅक्यूएन 1986 ला गेला, 2001 ला परत आला, 2017 ला पुन्हा गेला. आणि 2018 पासून जेफचा पोरगा जेमी बँडमध्ये गिटार वाजवतोय. घराणेशाही म्हणा हवं तर, पण या संगीतात ती कार्टरांपासून चालत आलीय.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी पहिलाच भाग घ्या, शफल बंद करा आणि मधल्या गप्पा स्किप करू नका. इंग्रजी समजायला जड जाईल, टेनेसीचे उच्चार आहेत, मलाही पहिल्यांदा अर्धं डोक्यावरून गेलं होतं. आणि अमेरिकेतल्या मंडळींनो, निरोपाच्या टूरला कोणी गेलं असेल तर सांगा ना, फॅडन अजून ड्रम आणि हार्मोनिका एकदम वाजवतो का?